इंजिनातील टिकटिक आवाज

इंजिनातील टिकटिक आवाज म्हणजे अंतर्ज्वलन इंजिन चालू असताना ठरावीक लयीत ऐकू येणारा, धातूवर धातू हलकेच आपटल्यासारखा आवाज होय. इंजिनाची गती वाढवली की ही लयही वाढते. झडपांच्या यंत्रणेतील वाढलेली फट, वंगण तेलाची कमतरता, एक्झॉस्टच्या जोडातील गळती ही त्याची नेहमीची कारणे आहेत. काही इंजिनांत हा आवाज स्वाभाविक असतो, तर काही वेळा ती बेअरिंग निकामी होण्याची पहिली सूचना असते. त्यामुळे आवाजाचे निदान आणि योग्य इंजिन तेलाची निवड हे विषय एकमेकांशी जोडलेले आहेत. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या किनाऱ्यावर मालवण, देवगड, वेंगुर्ले, निवती, सर्जेकोट येथील यांत्रिक मासेमारी नौकांच्या बाबतीत या विषयाला विशेष महत्त्व आहे. रस्त्यावर बंद पडलेले वाहन कडेला उभे करता येते; समुद्रात इंजिन बंद पडल्यास नौका वारा व प्रवाह नेईल तिकडे जाते.

कारणे

चार फेरी इंजिनात कॅमशाफ्ट हा क्रँकशाफ्टच्या निम्म्या गतीने फिरतो. इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांनी चालत असेल, तर प्रत्येक झडप मिनिटाला ४०० वेळा उघडते. म्हणून झडपयंत्रणेतील एका दोषाचा आवाज सेकंदाला सहा-सात वेळा येतो. पिस्टन, कनेक्टिंग रॉड यांच्याशी निगडित आवाज सामान्यतः क्रँकशाफ्टच्या गतीने, म्हणजे दुप्पट वेगाने येतो.

* टॅपेटचा आवाज : झडपेचा दांडा व तिला दाबणारा रॉकर यांत मिलिमीटरच्या काही दशांशाइतकी फट ठेवलेली असते. झीज होऊन ती वाढली की इंजिनाच्या वरच्या भागातून बारीक टिकटिक ऐकू येते.
* हायड्रॉलिक टॅपेट : यांत तेलाच्या दाबाने फट आपोआप भरली जाते. रात्रभर बंद असलेले इंजिन सुरू करताना काही सेकंद आवाज येणे स्वाभाविक आहे. तो टिकून राहिल्यास तेल कमी असणे, गाळ साठणे किंवा टॅपेट झिजणे यांचा संशय घ्यावा लागतो.
* एक्झॉस्टची गळती : मॅनिफोल्डचे गॅस्केट फाटल्यास बाहेर पडणारा वायू टॅपेटसारखाच आवाज करतो. जोडाभोवती काजळी दिसते. इंजिन तापून धातू प्रसरण पावला की हा आवाज बहुधा कमी होतो.
* इंजेक्टरचा आवाज : डिझेल इंजिनात इंधन फवारताना होणारी टकटक स्वाभाविक असते, मात्र एकाच सिलिंडरचा आवाज वेगळा उमटल्यास तो इंजेक्टर तपासावा लागतो.
* बेअरिंगचा आवाज : हा टिकटिकीपेक्षा खोल व जड असतो, इंजिनाच्या खालच्या भागातून येतो आणि भार वाढताच वाढतो. ही गंभीर अवस्था होय.

लहान होड्यांवरील दोन फेरी आउटबोर्ड इंजिनांत कॅमशाफ्ट व टॅपेट नसतात. त्यामुळे अशा इंजिनाची टिकटिक टॅपेटची असू शकत नाही. तिचे मूळ पिस्टन, बेअरिंग, सैल स्पार्क प्लग किंवा तेलाचे अपुरे मिश्रण यांत शोधावे लागते.

निदानाची पद्धत

तपासणीची सुरुवात तेलापासून केली जाते. इंजिन बंद करून काही मिनिटे थांबल्यावर, ते समतल असताना डिपस्टिकवरील पातळी पाहिली जाते. लाटांवर डोलणाऱ्या नौकेत ही पातळी फसवी ठरू शकते. म्हणून हे मोजमाप जेटीला किंवा शांत पाण्यात करणे श्रेयस्कर असते. तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी शिरलेले असते. समुद्राच्या पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात ऑइल कूलर गळत असल्यास खारे पाणी तेलात मिसळते आणि बेअरिंगचा पृष्ठभाग गंजू लागतो. तेलाला डिझेलचा वास येऊन पातळी वाढलेली असेल, तर इंधन गळून तेल पातळ झाल्याचे समजावे.

त्यानंतर तेलाचा दाब पाहिला जातो. दाब योग्य व आवाज वरच्या भागातून येत असल्यास स्टेथोस्कोप किंवा लांब स्क्रू ड्रायव्हर इंजिनाच्या निरनिराळ्या भागांवर टेकवून आवाजाची जागा शोधली जाते. टॅपेटची फट फीलर गेजने मोजून उत्पादकाने दिलेल्या मापानुसार बसवली जाते. फट गरजेपेक्षा कमी ठेवल्यास आवाज नाहीसा होतो, पण झडप पूर्ण बंद न झाल्याने तिची कड जळते. म्हणजे आवाज थांबणे हा दुरुस्तीचा पुरावा नव्हे.

जुन्या यांत्रिक पंपाच्या डिझेल इंजिनात एकेका सिलिंडरच्या इंधननळीचे नट सैल करून तुलना केली जाते. आवाज कमी झाल्यास दोष त्या सिलिंडरच्या इंजेक्टर, पिस्टन किंवा बेअरिंगमध्ये असतो. फरक न पडल्यास तो झडपयंत्रणेत असण्याची शक्यता अधिक. कॉमन रेल इंजिनावर ही चाचणी करू नये, कारण तेथील इंधनाचा झोत त्वचा भेदून शरीरात शिरू शकतो.

खोल ठोक्यासोबत दाब घसरल्यास इंजिन त्वरित बंद करणे आवश्यक असते. समुद्रात, विशेषतः मालवण बंदराजवळील खडकाळ भागात, तांडेलाला त्याआधी नांगर टाकण्याचा विचार करावा लागतो. तथापि तेलाविना चालवलेले इंजिन काही मिनिटांत जाम होते आणि मग दुसऱ्या नौकेने ओढून आणण्यावाचून पर्याय उरत नाही.

तेलाची निवड

तेलाच्या डब्यावरील ‘१५डब्ल्यू-४०’ हा आकडा अमेरिकेतील एसएई या संस्थेच्या श्यानता वर्गीकरणाचा आहे. ‘डब्ल्यू’ हे अक्षर हिवाळ्यासाठी असून त्याआधीचा अंक थंडीतील प्रवाहीपणा दाखवतो. नंतरचा अंक १००° सेल्सिअसला असणारी श्यानता दर्शवतो. ‘४०’ दर्जाच्या तेलाची श्यानता या तापमानाला १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्सच्या दरम्यान असते. १५डब्ल्यू तेलाची थंडीतील चाचणी उणे २०° सेल्सिअसला होते. कोकण किनाऱ्यावर अशी थंडी कधीच पडत नसल्याने येथे दुसरा अंक अधिक निर्णायक ठरतो.

एपीआय या संस्थेची दर्जाची अक्षरेही तितकीच महत्त्वाची आहेत. ‘एस’ने सुरू होणारा दर्जा पेट्रोल इंजिनांसाठी, तर ‘सी’ने सुरू होणारा डिझेल इंजिनांसाठी असतो, उदाहरणार्थ, सीआय-४ (२००२) व सीके-४ (२०१६). मोटारसायकलच्या इंजिन तेलातच बहुधा क्लचही बुडालेला असतो. तिच्यात घर्षण कमी करणारे मोटारीचे तेल घातल्यास आंबोलीसारख्या घाटात क्लच घसरू शकतो. म्हणून ‘जासो एमए’ दर्जाचे तेल वापरतात. पाण्याने थंड होणाऱ्या दोन फेरी आउटबोर्ड इंजिनांसाठी ‘टीसी-डब्ल्यू३’ हा स्वतंत्र दर्जा आहे. स्कूटरचे तेल त्याची जागा घेऊ शकत नाही.

आवाज दाबण्यासाठी अधिक घट्ट तेल घालण्याची पद्धत सर्रास आढळते. त्याने आवाज काही काळ मंदावतो. परंतु झीज तशीच राहते आणि अरुंद मार्गांत तेल उशिरा पोहोचते. इंजिन उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेली श्रेणी हाच निवडीचा मूळ आधार होय.

पावसाळी बंदीतील देखभाल

पश्चिम किनाऱ्यावर अलीकडील वर्षांत १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. दोन महिने बंद असलेल्या इंजिनातील तेल वरच्या भागांवरून निथळून जाते आणि दमट, खाऱ्या हवेने उघडे पडलेले भाग गंजतात. जुन्या तेलातील आम्ले व ओलावा बेअरिंगला अपायकारक ठरतात. यामुळे नौका किनाऱ्यावर घेण्यापूर्वीच तेल व फिल्टर बदलणे, थोडा वेळ इंजिन चालवून नवे तेल सर्वत्र पोहोचवणे आणि बंदीच्या काळात ते अधूनमधून हाताने फिरवणे उपयुक्त असते. हंगामाच्या आरंभी प्रथम इंधन बंद ठेवून इंजिन फिरवावे व दाब दिसल्यावरच ते सुरू करावे.

वापरलेले तेल

वापरलेले इंजिन तेल भारतात २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. ते खाडीत किंवा बंदरात ओतल्यास पाण्यावर तवंग पसरतो व सागरी जीवांची हानी होते. मालवणलगतचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य म्हणून घोषित आहे. असे तेल बंद डब्यात साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे देणे अपेक्षित असते.

हेही पहा

* अंतर्ज्वलन इंजिन
* डिझेल इंजिन
* वंगण
* मालवण