अर्जदार : वय वर्षे सहा

परदेशी वकिलातीच्या छापील अर्जात 'अर्जदाराचा व्यवसाय' असा एक रकाना असतो. अर्जदार सहा वर्षांची असली, तरी तो मोकळा सोडता येत नाही. त्याच्या अलीकडेच 'वैवाहिक स्थिती' विचारलेली असते. माझ्या भाचीच्या वतीने मी तिथे 'अविवाहित' असे लिहिले आणि व्यवसायापुढे 'विद्यार्थिनी'. मी काय लिहितो आहे ते ती माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होती. तिने विचारले, "मामा, पेन्सिली हरवते हेपण लिहायचं का?"

घोटीसारख्या गावात कोणाच्याही घरी इंग्रजी कागद आला, की तो फिरत फिरत माझ्या ओसरीवर येतो. मी मराठीचा प्राध्यापक आहे, इंग्रजीचा नव्हे, हे सांगून झाले. लोक म्हणतात, "एम. ए. ते एम. ए., सर!" या वेळचा कागद मात्र घरचाच होता. आमचे थोरले बंधू जर्मनीत नोकरीला आहेत. त्यांनी धाकट्या बहिणीला आणि तिच्या मुलीला मे महिन्याच्या सुटीत तीन आठवड्यांसाठी बोलावले. बहीण गेली तीन वर्षे आमच्याकडेच राहते. त्यामुळे अर्ज भरणे माझ्याकडे आले, हे ओघानेच.

'व्हिसा' हा शब्द लॅटिन. त्याचा अर्थ 'पाहिलेला', म्हणजे तपासून पाहिलेला कागद. आनंदीबाई जोशी १८८३ साली कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला निघाल्या, तेव्हा त्यांना नुकते अठरावे वर्ष पुरे झाले होते. आप्तेष्टांची आणि समाजाची संमती मिळवताना त्यांना काय सोसावे लागले ते सर्वांना ठाऊक आहे. पण व्हिसा त्यांना कोणी विचारला नाही. पहिल्या महायुद्धाने देशोदेशींच्या दारांना कड्या घातल्या, आणि आपल्याकडे १९२० साली पासपोर्टाचा कायदा झाला. आजचा आपला कायदा १९६७ चा.

आम्हाला हवा होता तो शेंगेनचा व्हिसा. शेंगेन हे लक्झेंबर्गमधले मोझेल नदीकाठचे एक खेडे, आमच्या घोटीहून लहानच. तिथे १९८५ साली करार झाला आणि आता एकोणतीस देश एकाच व्हिशावर फिरता येतात. एवढ्याशा गावाचे नाव जगभरच्या पासपोर्टांवर चिकटावे, याचा आम्हा घोटीकरांना थोडा हेवाच वाटतो. आमचे नाव फार तर तांदळाच्या पोत्यांवर असते.

पूर्वी लेकरे आईबापांच्याच पासपोर्टावर जात. आता तान्ह्या मुलालाही स्वतःचे पुस्तक लागते, आणि लहान मुलाचे ते पाचच वर्षे चालते. त्या अर्जावर आईवडील दोघांच्या सह्या हव्यात. एकाची मिळत नसेल, तर दुसऱ्याने तसे का ते सांगणारे स्वतःचे निवेदन द्यायचे. डिसेंबर २०१६ पासून हे निवेदन साध्या कागदावर चालते. नाशिकच्या पासपोर्ट सेवा केंद्रात बहिणीने तसे निवेदन दिले, आणि यथावकाश पुस्तक घरी आले. तिथवर सगळे सुरळीत झाले.

फोटोची हकीकत मात्र सांगायलाच हवी. पस्तीस मिलिमीटर रुंद, पंचेचाळीस उंच, मागची बाजू फिकट, चेहरा समोर, तोंड मिटलेले, हसायचे नाही! नेमके त्याच महिन्यात भाचीचे वरचे दोन दात पडले होते. बाजारपेठेतल्या फोटोवाल्याने 'तोंड मीट' म्हटले, की तिला हसू फुटे, आणि हसू दाबले की भुवया चढत. बाराव्या खेपेला जो फोटो निघाला, त्यात ती एखाद्या कडक मुख्याध्यापिकेसारखी दिसत होती. नियमात बसला, घेतला.

फीचा हिशेब पाहा. २०२४ च्या जूनपासून मोठ्या माणसाला नव्वद युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलाला पंचेचाळीस, आणि सहाच्या आत फुकट. भाचीने जानेवारीत सहावे पुरे केले होते! बोटांचे ठसे मात्र बाराच्या आतल्यांचे घेत नाहीत. ती घरी शाईचा पॅड घेऊन सराव करून बसली होती, तिची फार निराशा झाली. शिवाय प्रत्येकी निदान तीस हजार युरोंचा प्रवासी विमा, परतीच्या तारखेपुढे किमान तीन महिने चालणारा पासपोर्ट, बंधूंचे निमंत्रण, शाळेचा रजेचा दाखला. फाइल अशी जाड होत गेली, आणि शेवटी एका कागदापाशी अडली.

वडिलांचे संमतिपत्र.

भाचीचे वडील आणि बहीण वेगळे राहतात. दावा कोर्टात आहे, निकाल नाही. मुलीचा ताबा एकट्या आईकडे आहे असा कोर्टाचा हुकूम असता, तर तो चालला असता. तो नाही, तेव्हा संमती हवी आणि अर्जावर सहीही हवी. बहीण म्हणाली, "दादा, ताप आला की रात्रभर मी जागायचं, आणि सही त्यांची?" यावर मी काय बोलणार?

१९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक सांगताना म्हटले आहे : बाप, आणि त्याच्या 'नंतर' आई. या एका शब्दावर आईची सही पंचवीसेक वर्षांपूर्वीपर्यंत सरसकट अडत असे. गीता हरिहरन या लेखिकेने मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घेताना पालक म्हणून स्वतः सही केली, ती चालेना, म्हणून त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९९९ साली न्यायालयाने सांगितले, की 'नंतर' म्हणजे बापाच्या मृत्यूनंतर असे नव्हे, तर त्याच्या गैरहजेरीत; आणि जो मुलाकडे लक्षच देत नाही तोही गैरहजरच. एका अव्ययाचा अर्थ बदलला आणि घराघरातल्या आया पालक ठरल्या. व्याकरण शिकवून काय मिळते असे विचारणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना मी हा निकाल सांगतो.

पण भाचीचे वडील गैरहजर म्हणता येतील असे नव्हते. दर वाढदिवसाला त्यांचा फोन येतो. आणि परदेशी खिडकीचेही अगदीच चुकते असे नाही. आईबापांपैकी एकाने मूल उचलून दुसऱ्या देशात न्यायचे आणि परत आणायचेच नाही, असे प्रकार जगभर घडतात. त्यांवर हेगचा १९८० चा करार आहे. जर्मनी त्यात आहे, भारत नाही. तेव्हा मागे राहणाऱ्या बापाच्या हाती जाण्याआधीची सही, एवढेच काय ते उरते.

मी फोन केला. "दाजी, एक कागद आहे," म्हटले. ते म्हणाले, "घोटीतच येतो." बसस्थानकाजवळच्या हॉटेलात आम्ही दोन चहा घेऊन बसलो. तीन वर्षांत समोरासमोर पहिल्यांदाच. कागद मी इंग्रजीत तयार केला होता. त्यांनी तो हळूहळू दोनदा वाचला. 'माझी हरकत नाही' या अर्थाच्या ओळीवर बोट ठेवून थांबले. 'हरकत' मूळची अरबी, तिकडे तिचा अर्थ नुसती हालचाल. गवयाच्या गळ्यात ती शोभते, सरकारी कागदात आली की आडवी येते. एरवी हे मी चारचौघांत चवीने सांगितले असते. त्या दिवशी गप्प राहिलो.

"परत येण्याची तारीख यात कुठंय?" त्यांनी विचारले.

तारीख सोबतच्या तिकिटावर होती, पत्रात नव्हती. पत्रात ती असावी अशी अट कुठेही नव्हती. मी म्हटले, "घालतो." शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात बसून ती ओळ घातली, कागद नव्याने छापून आणला. मग इगतपुरीला नोटरीकडे गेलो. सही करण्यापूर्वी त्यांनी ती तारीख पुन्हा एकदा वाचली, आपल्या फोनमध्ये टिपून घेतली. अर्जावरही सही केली. बाहेर आल्यावर गाडीला किल्ली लावता लावता म्हणाले, "तिकडं मे महिन्यातही थंडी असते म्हणे. स्वेटर आहे का तिला?"

"आहे," मी म्हटले.

"मागच्या वर्षीचा असेल. आखूड झाला असेल."

चार दिवसांनी एक पार्सल आले. आत निळा स्वेटर होता, दोन मापांनी मोठा. बहिणीने तो बराच वेळ हातात धरला, मग काही न बोलता भाचीच्या बॅगेत घातला.

मुंबईला अर्ज देऊन आलो. दुसऱ्या आठवड्यात पासपोर्ट परत आले, दोन्हींत व्हिसा चिकटवलेला, आणि त्यावर तो मुख्याध्यापिकेचा फोटो. जाण्याच्या रात्री मुंबईच्या विमानतळावरून बहिणीचा फोन आला. तपासणीच्या खिडकीतल्या अधिकाऱ्याने फोटो पाहिला, भाचीकडे पाहिले, पुन्हा फोटो पाहिला आणि विचारले, "या बाई एवढ्या का रागावल्यात?"

भाचीने तोंड उघडून अर्धे उगवलेले दोन दात दाखवले आणि म्हणाली, "तेव्हा हे नव्हते ना!"