पट्टी सुटताना

जखमेच्या दुखण्यात दोन दुखणी मिसळलेली असतात. एक जखमेचं स्वतःचं. दुसरं ती धुताना, पट्टी सोडताना, नवी बांधताना होणारं. दुसरं सहसा हिशेबात धरलं जात नाही, कारण ते उपचाराचाच भाग समजलं जातं आणि 'थोडं सहन करा' म्हणून सोडून दिलं जातं. भाजलेला माणूस सकाळी ड्रेसिंगची ट्रॉली येताना पाहून धसका घेतो तो या दुसऱ्या दुखण्याचा. २००२ मध्ये युरोपातल्या जखम-उपचार तज्ज्ञांच्या संघटनेने वेगवेगळ्या देशांतल्या डॉक्टर-परिचारिकांना याबद्दल विचारलं. सर्वांत जास्त दुखतं ते पट्टी काढताना, आणि त्याचं मुख्य कारण वाळून चिकटलेलं ड्रेसिंग, असं उत्तर आलं. म्हणजे या दुखण्याचं मूळ आपण जखमेवर काय ठेवतो आणि ते कसं काढतो यात आहे. ते औषधाशिवाय कमी करण्याचं मोलाचं काम गेल्या चाळीस वर्षांत महाराष्ट्रात झालं. पण त्याची ओळख 'स्वस्त उपाय' अशी झाली, आणि माझ्या मते ते मागे पडलं ते याच ओळखीमुळे.

अलिबागजवळच्या थळसारख्या गावात हा प्रश्न पुस्तकी नाही. एका अंगाला नारळ, सुपारी आणि केळीच्या वाड्या, दुसऱ्या अंगाला कोळीवाडा, आणि १९८५ च्या सुमाराला सुरू झालेला आरसीएफचा खत कारखाना. कोयता, दोर, माशाचा काटा, चुलीवरचं आधण, यंत्र; हातापायाला जखम व्हायला इथे कारणं कमी नाहीत. जिल्हा रुग्णालय अलिबागला, म्हणजे फार लांब नाही. पण रोज ड्रेसिंगला जायचं तर बोटीवरची पाळी किंवा मजुरी बुडते. मग पट्टी घरीच सुटते. कोरडा गॉझ जखमेतल्या लशीत भिजतो, रात्रभरात वाळून कडक होतो आणि सकाळी सोडताना आपल्याबरोबर नव्याने धरलेली नाजूक त्वचा घेऊन येतो. रक्त येतं, माणूस ओरडतो, आणि घरातल्यांना वाटतं, जखम अजून ओली आहे म्हणून दुखतंय. खरं तर ती पुन्हा केलेली असते.

जखम कोरडी ठेवली की लवकर भरते, ही समजूत मुळात १९६२ मध्येच डळमळीत झाली होती. इंग्लंडमधल्या जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या वरवरच्या जखमा पातळ प्लास्टिकखाली ओलसर ठेवल्या. उघड्या, खपली धरलेल्या जखमांच्या जवळपास दुप्पट वेगाने त्यांवर नवी त्वचा आली. त्यातून पुढे न चिकटणाऱ्या महागड्या पट्ट्या निघाल्या, पण आपल्या वॉर्डांना त्या परवडण्यासारख्या नव्हत्या. मुंबईत डॉ. एम. एच. केसवानी यांनी १९८५ मध्ये उकडलेल्या बटाट्याच्या सालींचं ड्रेसिंग 'बर्न्स' या नियतकालिकात मांडलं. साली बँडेजच्या कापडावर शेजारी शेजारी चिकटवायच्या, निर्जंतुक करायच्या आणि आतली बाजू जखमेवर ठेवायची. १९९० मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी त्वचेचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. सालीखालची जखम वाळत नव्हती, वरच्या थरातल्या पेशी जगत होत्या आणि त्वचा लवकर येत होती. जंतूंचं प्रमाण मात्र साध्या गॉझइतकंच होतं, आणि तेही त्यांनी लपवलं नाही.

याच काळात सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. एम. सुब्रह्मण्यम मध वापरत होते. १९९१ मध्ये १०४ रुग्णांवरचा त्यांचा अभ्यास ब्रिटिश शस्त्रक्रिया नियतकालिकात आला. १९९६ मध्ये त्यांनी मधाची थेट बटाट्याच्या सालीशी तुलना केली आणि मध सरस ठरवला. एकाच राज्यातल्या दोन शहरांत, सामान्य वॉर्डांतल्या माणसांसाठी, साल आणि मध यांची शास्त्रीय झटापट व्हावी ही मला अभिमानाची गोष्ट वाटते. पुढे २००३ मध्ये शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातून डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाचं ड्रेसिंग पुढे आणलं, भाजलेल्या जखमांसाठी आणि रोपणासाठी कातडं काढलेल्या जागेसाठीही. केळीचं पान मोठं, गार, मेणचट असतं. ते जखमेला चिकटत नाही. इथे माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट घडली: पट्टी काढताना किती दुखलं, हे रुग्णाला विचारून मोजलं गेलं आणि व्हॅसलीन गॉझच्या तुलनेत पान सुखाचं ठरलं. पण या कामाबद्दल जिथे जिथे बोललं गेलं तिथे पान किती पटीने स्वस्त हेच पुढे आलं. परिणाम असा की ज्याला पैसे मोजता येतात त्या रुग्णालयाला पान म्हणजे मागासलेपण वाटलं, आणि ज्याला येत नाहीत ते फुकट मिळणाऱ्या कोरड्या गॉझकडे परतलं. 'स्वस्त' ऐवजी 'न दुखणारं' म्हणून त्याची ओळख झाली असती, तर कोरडा गॉझ का वापरता, हा प्रश्न दोघांनाही विचारता आला असता.

यावर पहिला आक्षेप पुराव्याचा येईल, आणि तो रास्त आहे. हे अभ्यास लहान आहेत, बहुतेक एकाच केंद्रातले आहेत. जखमेवर पान आहे की गॉझ हे रुग्ण आणि सिस्टर दोघांनाही दिसतं, त्यामुळे मत झुकू शकतं. मधाच्या अभ्यासांवर तर एकाच हातून फार निष्कर्ष आले, ही टीका झालीच. तरीही न चिकटणारी वस्तू ओढताना कमी दुखते, हे पटायला मोठी चाचणी लागत नाही. चाचणी लागते ती जंतुसंसर्ग आणि भरण्याचा वेग यांसाठी. आणि हे स्पष्ट सांगायला हवं की वाडीतलं पान तोडून तसंच जखमेवर ठेवणं हा यातला उपचार नव्हे. ऑटोक्लेव्हमधून काढलेलं पान आणि झाडावरचं पान यांत संसर्गाइतकं अंतर आहे.

दुसरा आक्षेप जुना आणि घरोघरचा: एका झटक्यात ओढा, म्हणजे सुटका. तसं दयेपोटीच केलं जातं, पण माणसाची आठवण तसा हिशेब ठेवत नाही. डॅनियल कानेमान आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये लोकांना १४ अंश सेल्सिअसच्या गार पाण्यात ६० सेकंद हात ठेवायला लावला. दुसऱ्या वेळी तेवढंच करून आणखी ३० सेकंद, हळूहळू १५ अंशांवर नेलेल्या पाण्यात. कोणता प्रकार पुन्हा करायचा असं विचारल्यावर ३२ पैकी २२ जणांनी लांबलेला निवडला. लक्षात राहतो तो वेदनेचा कळस आणि शेवट. ज्याला उद्या पुन्हा त्याच खाटेवर पट्टी बदलायची आहे, त्याच्यासाठी आजची आठवण हीच उद्याची भीती असते. म्हणून सलाइन ओतून गॉझ पूर्ण भिजेपर्यंत थांबणं, कडेकडेने सोडवणं, मध्ये थांबायचा हक्क रुग्णाला देणं, शक्य असेल तर शेवटचा थर त्यालाच काढू देणं, यांत वाया जाणारी मिनिटं वाया जात नाहीत. लहान मुलाला 'काही होत नाही' असं खोटं सांगण्यापेक्षा 'आता गार वाटेल, मग ओढल्यासारखं वाटेल' हे सांगून मग मोबाइलवरचं गाणं लावावं. अमेरिकेत हंटर हॉफमन यांनी भाजलेल्या रुग्णांसाठी बर्फाचं आभासी जग रचलं. त्याचाही गाभा लक्ष दुसरीकडे गुंतवणं हाच आहे. मुलांवरचा त्याचा पुरावा अजून कच्चा आहे, हे २०२० च्या कॉक्रेन आढाव्याने नोंदवलं, पण थळच्या घरात आभासी चष्म्याची वाट पाहायची गरज नाही.

औषधाशिवाय कळ उतरवण्याचं कोळीवाड्यातलं एक उदाहरण इथे सांगायलाच हवं. शिंगाळ्याचा किंवा पाकटाचा काटा लागला की जखम लहान, कळ मात्र जीवघेणी. या माशांच्या काट्यातल्या विषाची प्रथिनं उष्णतेने निकामी होतात, म्हणून सोसेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांच्या वर नाही, हात तासभर बुडवून ठेवला की कळ उतरते. पाण्याची पारख दुसऱ्याने, न दुखणाऱ्या हाताने करायची, कारण कळ लागलेल्या हाताला भाजल्याचं कळत नाही. त्यानंतर काट्याचा तुकडा आत राहिला का, हे पाहायला दवाखाना गाठायलाच हवा.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर: औषधाशिवायच्या उपायांची एवढी स्तुती केली की औषध न देण्याला निमित्त मिळतं. ही भीती खोटी नाही. अमली पदार्थांचा कायदा १९८५ मध्ये आला, आणि परवान्यांच्या जंजाळात रुग्णालयांतलं मॉर्फिन अनेक वर्षं जवळपास नाहीसं झालं; २०१४ च्या दुरुस्तीने वाट थोडी मोकळी झाली. भारतात जळून मरणाऱ्यांत बहुसंख्या बायकांची असते. २००१ साठीचा १ लाख ६३ हजार मृत्यूंचा जो अंदाज 'लॅन्सेट'मध्ये आला, त्यात १ लाख ६ हजार बायका होत्या. मोठ्या भाजण्यात केळीचं पान किंवा मोबाइलवरचं गाणं वेदनाशामकाच्या जागी बसवणं म्हणजे या बायकांच्या वाट्याला आणखी एक 'सहन कर' देणं होईल. पान, सलाइन, थांबणं, सांगणं हे सगळं औषधाबरोबर चालायचं आहे, आणि जिथे औषध पोचत नाही तिथे ते का पोचत नाही हा प्रश्नही तितक्याच जोराने विचारायचा आहे. त्यासाठी ड्रेसिंगच्या रजिस्टरमध्ये तारीख, जखमेचा आकार आणि स्राव यांच्या शेजारी एक रकाना वाढवावा लागेल: पट्टी सुटताना शून्य ते दहापैकी किती दुखलं, हे रुग्णाला विचारून लिहिलेलं. तीन-चार महिन्यांत त्या रकान्यातूनच कळेल की कोणत्या गॉझने, कोणत्या घाईने आणि कोणत्या न दिलेल्या गोळीने माणसं कळवळली.