‘पेशी’ की ‘स्नायू’?

इंदूरच्या वर्गात मी घोड्याच्या स्नायूंवरचा हिंदी उतारा मराठीत करायला दिला. हिंदीतली ‘पेशी’ म्हणजे आपला स्नायू. आपली ‘पेशी’ तिकडे ‘कोशिका’. ही गफलत मी धरूनच चाललो होतो. चूक निघाली वेगळीच. एका विद्यार्थिनीने सगळीकडे नुसते ‘स्नायू’ लिहिले. पण हृदयही स्नायूच! मायोसिन हे आकुंचनाचे प्रथिन. घोड्याच्या हृदयाच्या निलयांत त्याचा जो प्रकार असतो, तोच पायांच्या मंद तंतूंतही; जलद तंतूंत निराळे प्रकार. ट्रोपोनिन-आय मात्र हृदयाचे स्वतंत्र. रक्तात ते फार वाढले, तर पशुवैद्य पाय सोडून हृदय तपासतो. तेथे नुसते ‘स्नायूचे ट्रोपोनिन’ लिहिले तर निदानच चुकते. मी ‘हृदयस्नायू’ आणि ‘कंकालस्नायू’ असे वेगळे लिहवून घेतले. ‘कंकाल’ कानाला रुक्ष लागतो खरा.