तंबाखूच्या कारखान्यातलं विद्यापीठ

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत संपादकांनी मला पाठवलं ते टॉवेलवर लिहायला. ते लिहीनच. पण त्याच रस्त्यानं पुढं कुंभारीला गेलो. तिथल्या गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगार बायांची 10,000 घरं आहेत. उंबऱ्यावर मांडीवर सूप घेऊन बसलेल्या बाया पाहिल्या आणि स्पॅनिश साहित्यातली एक कादंबरी आठवली. मग टॉवेल मागे पडला.

स्पॅनिश साहित्य, चित्रपट आणि संस्कृती हा विद्यापीठात शिकायचा विषय म्हटलं की आपल्याकडं तो खुशालचेंडूंचा वाटतो. पण स्पेनमधल्या सेव्हिल विद्यापीठात भाषा-साहित्याचे वर्ग कुठं भरतात? अठराव्या शतकात बांधलेल्या शाही तंबाखू कारखान्यात. एकोणिसाव्या शतकात तिथं हजारो बाया सिगार वळत होत्या. विद्यापीठ आलं 1950च्या दशकात. मेरिमेच्या 1845 सालच्या कथेतली कार्मेन याच कारखान्यातली. बिझेनं 1875 मध्ये तिचा ऑपेरा केला. दोघंही फ्रेंच. कार्लोस साउरा या स्पॅनिश दिग्दर्शकानं 1983 साली फ्लामेंको नर्तकांच्या तालमीतून ती पुन्हा उभी केली. चित्रपट देखणा आहे, पण कार्मेनच्या बोटांना पोटासाठी काय करावं लागतं, हे या तिन्ही कलाकृतींत जवळजवळ येतच नाही.

ते येतं एमिलिया पार्दो बासान यांच्या ‘ला त्रिबुना’ या 1883 च्या कादंबरीत. कादंबरी लिहिण्यासाठी बाईंनी आ कोरुन्याच्या तंबाखू कारखान्यात जाऊन तिथलं काम पाहिलं. त्यांची नायिका आम्पारो गरीब घरातली, सिगार वळणारी, आणि वाचता येणारी. 1868 च्या क्रांतीनंतरचा काळ आहे. आम्पारो वर्तमानपत्र मोठ्यानं वाचते, भोवतालच्या बाया हात न थांबवता ऐकतात. ऐकता ऐकता त्यांना राजकारण कळू लागतं, आणि मजुरी थकते तेव्हा त्या संप करतात. वरच्या वर्गातला प्रियकर तिला फसवून जातो. तिचं मूल जन्मतं त्याच सुमारास बाहेर प्रजासत्ताकाचा जयघोष सुरू असतो.

मला या सगळ्यात खिळवून ठेवलं ते त्या वाचनानं. क्यूबात तर ती रीतसर व्यवस्थाच झाली. हवानाच्या ‘एल फिगारो’ कारखान्यात 1865 मध्ये ती सुरू झाली. कामगार वर्गणी काढून वाचणाऱ्याला पैसे देत आणि तो उंचावर बसून वर्तमानपत्रं, कादंबऱ्या वाचून दाखवी. फ्लोरिडातल्या टॅम्पा शहरात मालकांनी 1931 साली वाचकाला काढून रेडिओ आणले. वाचन चाललं, कारण हातानं सिगार वळण्याच्या कामाला आवाज नाही. एमआयडीसीतल्या मागांपुढं कुणी वाचू म्हटलं तर शेजारच्यालाही ऐकू जाणार नाही. विडीचं तसं नाही. कात्रीनं तेंदूपान कापायचं, तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायचा, हे सगळं मुकाट्यानं होतं. कान मोकळेच असतात.

पण इथं बाया एका दालनात बसत नाहीत. पान-तंबाखू घरी आणायची, वळलेल्या विड्या नेऊन द्यायच्या, मजुरी हजारावर मोजून घ्यायची. प्रत्येकीचा उंबरा वेगळा. आम्पारोला मिळालं तसं एका छपराखालचं श्रोतृवृंदाचं बळ कुंभारीत कुठून आणायचं, याचं उत्तर मला सापडत नाही.

यातल्या एखाद्या घरातली मुलगी स्पॅनिश साहित्य शिकायला निघाली तर? घरात तेलुगू, शाळेत मराठी, बाजारात कन्नड आणि दखनी. चार भाषा तिनं शाळा संपायच्या आत पचवलेल्या असतात. पाचवी तिला जड जाणार नाही. हैदराबादचं इंग्रजी आणि परदेशी भाषा विद्यापीठ सुमारे 300 किलोमीटरवर आहे. तिथं स्पॅनिशमध्ये बी.ए., एम.ए. करता येतं. दिल्लीत जेएनयू आहे, 2009 पासून इन्स्टिट्यूतो सर्वांतेसही आहे. अडतं ते पुढं. प्रवेश परीक्षेची तयारी कोण करून घेणार? वसतिगृहाच्या खर्चासाठी आईनं आणखी किती हजार वळायच्या? भाषा हाती आली की कंपन्यांतल्या नोकऱ्या बोलावतात, आणि घरचं कर्ज डोळ्यांपुढं असताना कादंबरीसाठी थांब असं त्या मुलीला कुठल्या तोंडानं सांगायचं?

पार्दो बासान यांनाही हा रस्ता सोपा नव्हता. स्पेनच्या अकादमीनं त्यांना शेवटपर्यंत सदस्य करून घेतलं नाही. 1916 मध्ये माद्रिदच्या विद्यापीठात साहित्याचं अध्यासन मिळालं, तेही प्राध्यापकांच्या विरोधात, आणि वर्गात विद्यार्थी जेमतेम. मला ‘ला त्रिबुना’ मराठीत हवी आहे, इंग्रजीवरून नव्हे, थेट स्पॅनिशमधून. ती अशा मुलीनं करावी जिला हजार विड्या वळल्यावर पाठीचं काय होतं हे घरात पाहून ठाऊक आहे. त्यासाठी त्या मुलीला निदान पाच वर्षं शिकता यायला हवं, आणि त्या पाच वर्षांचा खर्च उचलणारं कुणी अजून पुढं आलेलं नाही.