ओळी मोजून द्या, ओळी मोजून घ्या

वसई-विरारमधल्या पतसंस्था, हाउसिंग सोसायट्या आणि वालीव-गोखिवऱ्याच्या गाळ्यांतले छोटे कारखाने आपला हिशेब अजूनही कोपऱ्यातल्या एका डेस्कटॉपवरच ठेवतात. त्यांचा डेटा जुन्या सॉफ्टवेअरमधून नव्यात नेऊन देणं, हा माझा व्यवसाय. काम ऐकायला सोपं आहे. जुन्या सॉफ्टवेअरमधून टेक्स्ट फाइल काढायची आणि मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमध्ये चढवायची. फाइल लहान असली की काही अडत नाही. पंधरा वर्षांचे व्यवहार एकाच फाइलमध्ये आले, की फोन येतो : ‘सर, फाइल चढत नाहीये.’

एका पतसंस्थेच्या मॅनेजर मॅडम तर चिडल्याच होत्या. पडद्यावर ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ एवढंच येत होतं आणि त्यांची खात्री होती, की आधीच्या सॉफ्टवेअरवाल्याने फाइलच खराब दिली. फाइल उत्तम होती. ॲक्सेसचा एक डेटाबेस २ जीबीपेक्षा मोठा होऊ शकत नाही आणि ती मर्यादा ओलांडली, की तो असंच काहीतरी अगम्य बोलतो. पण त्यांची फाइल तर २ जीबीपेक्षा लहान होती! झालं होतं असं, की आधीच्या फसलेल्या प्रयत्नांत अर्धवट भरलेली टेबलं त्यांनी डिलीट केली होती. टेबल डिलीट केलं तरी त्याने व्यापलेली जागा डेटाबेस सोडत नाही. ‘कॉम्पॅक्ट अँड रिपेअर’ चालवल्यावरच ती मोकळी होते. ते चालवलं आणि फाइल चढली.

दुसरा नेहमीचा संदेश ‘फाइल शेअरिंग लॉक काउंट एक्सीडेड’. लाखो ओळी एका दमात घेताना ॲक्सेस डेटाबेसच्या भागांना तात्पुरती कुलपं लावत जातो आणि त्यांची ठरलेली मर्यादा ९,५०० असते. ‘मॅक्सलॉक्सपरफाइल’ हा आकडा वाढवला, की काम पुढे सरकतं. तो आकडा त्या वेळेपुरता कोडच्या एका ओळीने वाढवता येतो, विंडोजच्या रजिस्ट्रीत हात घालायची गरज नसते. डेटाबेस नेटवर्कवरच्या दुसऱ्या संगणकावर असेल, तर आधी तो आपल्या मशीनवर आणावा. फाइल फारच मोठी असेल, तर ती आत घेण्याऐवजी नुसती जोडावी, म्हणजे लिंक करावी, आणि लागतील तेवढ्याच ओळी क्वेरीने उचलाव्यात.

हे सगळे आवाज करणारे आजार. त्यांना औषध आहे. मला धास्ती वाटते ती गुपचूप चढणाऱ्या फाइलची.

वालीवच्या एका कारखान्याची मालाची यादी घ्या. पाइपाचं माप लिहिताना इंचासाठी दुहेरी अवतरणचिन्ह टाकलेलं असतं. टेक्स्ट फाइलमध्ये मजकूर कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे सांगायला तेच चिन्ह वापरतात. झालं, ओळीच फुटतात! आपल्याकडच्या ख्रिस्ती कुटुंबांची डिमेलो, डिसोझा ही आडनावं इंग्रजीत लिहिताना ‘डी’नंतर अपॉस्ट्रॉफी येते. कोड लिहून एकेक ओळ घालणाऱ्याने ती सांभाळली नसेल, तर नेमके हेच सभासद बाहेर राहतात. वसईत असं होणं मला अजिबात चालत नाही. पत्त्यातला स्वल्पविराम, खाते क्रमांकाच्या रकान्यात शंभर ओळी नुसते आकडे आणि मग अचानक आलेलं ‘अ-१२’, हीही त्याच जातीची दुखणी. ॲक्सेसने सुरुवातीच्या ओळी पाहून रकाना आकड्यांचा ठरवला, की ‘अ-१२’च्या जागी रिकामी चौकट उरते. अशा ओळींची नोंद तो ‘इम्पोर्ट एरर्स’ नावाच्या वेगळ्या टेबलात करून ठेवतो. ते टेबल उघडून बघणारे फार कमी भेटले. खाते, मोबाइल आणि पिनकोड हे आकडे नव्हेत, मजकूर आहेत, असं आधीच सांगून टाकावं.

तारखेचं तर विचारूच नका. ५/४ म्हणजे आपला ५ एप्रिल. दिवस-महिन्याचा क्रम सांगितला नाही, तर तो ४ मे होऊन बसतो आणि वेळेत हप्ता भरणाऱ्या सभासदावर दंडव्याज लागतं.

‘आधी एक्सेलमध्ये उघडून बघू’ ही सवय याहून महागात पडते. वसईचा एसटीडी कोड ०२५०, पण एक्सेलने नुसता उघडल्यावर तो २५० होतो. बारा आकडी वीज ग्राहक क्रमांक तो घातांकाच्या रूपात आखडून दाखवतो. तसाच सीएसव्ही म्हणून सेव्ह केलात, की शेवटचे आकडे कायमचे गेले. एका पानावर १०,४८,५७६ ओळी मावतात, त्यापुढच्या येत नाहीत. जुन्या एक्सएलएस प्रकारात तर ६५,५३६च. इंग्लंडमध्ये २०२०च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये याच जुन्या मर्यादेमुळे कोविडचे १५,८४१ रुग्ण वेळेवर मोजलेच गेले नाहीत आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांचा शोध लांबला. देशाच्या आरोग्य यंत्रणेचं असं होतं, तर आपल्या पतसंस्थेतल्या एकट्या क्लार्कला दोष कसा द्यायचा?

म्हणून मी मूळ फाइलला हात लावत नाही, तिची प्रत काढूनच काम करतो. आधी वरच्या हजारभर ओळी चढवून बघतो. मराठी नावांऐवजी युरोपीय अक्षरांचे तुकडे दिसले, तर कोड पेज बदलून यूटीएफ-८, म्हणजे ६५००१, निवडतो. आयएसएम किंवा श्रीलिपीच्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर असेल, तर तेवढ्याने भागत नाही. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो. सगळं झाल्यावर ताळा : ओळी किती होत्या, किती आल्या, जमेची आणि नावेची बेरीज जुळते का. बेरीज एक रुपयाने जरी चुकली, तरी नवं सॉफ्टवेअर सुरू करू देत नाही.

हा ताळा माझ्या एकट्याच्या हातात नसतो. फाइल देणाऱ्याने आकडेच दिले नाहीत, तर मी जुळवू कशाशी? सभासदांच्या आयुष्यभराच्या ठेवी त्या ओळींमध्ये आहेत. तेव्हा पतसंस्थांच्या आणि सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे : सॉफ्टवेअर बदलताना जुन्या विक्रेत्याकडून नुसती फाइल घेऊ नका. ओळींची संख्या, जमा-नावेच्या बेरजा आणि शेवटच्या व्यवहाराची तारीख कागदावर लिहून, सही-शिक्क्यासह मागा, आणि त्यानंतरच त्याचं शेवटचं बिल चुकतं करा.