सस्पेन्स खात्यातली कामे

बँकेत ज्या रकमेचा धनी लगेच सापडत नाही, ती तात्पुरती सस्पेन्स खात्यात टाकतात. यातला ‘तात्पुरती’ हा शब्द महत्त्वाचा. तपासणी अधिकारी आले की आधी ते खाते उघडायचे आणि विचारायचे, ‘‘यातली सर्वांत जुनी नोंद कोणती?’’

बँकेत ही शिस्त पाळणारा मी घरी मात्र वेगळाच होतो. माझी पहिली कादंबरी आली तेव्हा शाळेतल्या मराठीच्या सरांनी चार पानी पत्र पाठवले. एवढ्या पत्राला दोन ओळींचे उत्तर कसे द्यायचे? रविवारी निवांत बसून लिहू, असे ठरवले. असे सात महिन्यांचे रविवार गेले आणि मग सरच गेले. भेटायला गेलो तेव्हा त्यांची मुलगी सहज म्हणाली, ‘‘अण्णा रोज पोस्टमनची वाट पाहायचे हो!’’

त्या सात महिन्यांत मी आळशी नव्हतो. कर्जाच्या ढीगभर फायली निकालात काढल्या. राहिले ते मनाला सर्वांत जवळचे काम. ते उत्तम व्हावे, या हट्टापायी ते झालेच नाही. चालढकलीला आपण आळस म्हणतो. पुष्कळदा ती आपले काम उणे पडेल याची भीती असते.

तिच्यावरचा उपाय मला एका टपाल अधिकाऱ्याकडे सापडला. इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप टपाल खात्यात नोकरी करीत. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचे, पुढ्यात घड्याळ ठेवायचे आणि दर पंधरा मिनिटांत अडीचशे शब्द लिहायचे. वेळेवर उठवावे म्हणून म्हाताऱ्या नोकराला ते वर्षाला पाच पौंड जादा देत. १८८३ साली, त्यांच्या निधनानंतर निघालेल्या आत्मचरित्रात हे सारे आहे. या हिशेबी माणसाच्या नावावर सत्तेचाळीस कादंबऱ्या जमा आहेत.

मी तेवढा कर्तबगार नाही. पण एक वही केली आहे. रात्री तिच्यातली सर्वांत जुनी नोंद पाहायची आणि सकाळी चहानंतरची पहिली पंधरा मिनिटे तिलाच द्यायची. काम संपवायचे नाही, फक्त सुरू करायचे. बहुतेक कामे इतकी लहान असतात की ती तेवढ्यात संपूनही जातात! खात्याला नॉमिनीचे नाव लावायचा अर्ज केवढासा असतो. तो नवऱ्याने ‘उद्या’वर टाकला म्हणून कागदांची पिशवी घेऊन काउंटरशी ताटकळलेल्या बायका मी नोकरीत पाहिल्या आहेत.

आज रविवार. घरातल्या सर्वांनी मिळून आपापले सस्पेन्स खाते उघडून पाहा. दुखरा गुडघा डॉक्टरांना दाखवायचा असेल, रुसलेल्या भावाला फोन करायचा असेल. सर्वांत जुनी नोंद आधी घ्या.

सरांचे पत्र अजून माझ्या खणात आहे. ती नोंद आता निकालात निघणार नाही. दोन ओळीही चालल्या असत्या.