खाऱ्या हवेतला मदरबोर्ड
लेखमाला : संगणक घरी जोडताना – भाग ४

बोईसरहून लोकल धरायची, ग्रँट रोड गाठायचं, पूर्वेला बाहेर पडायचं, की चार पावलांवर लॅमिंग्टन रोड. पाटीवरचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. संगणकाचे सुटे भाग घ्यायला निघालेल्यांच्या तोंडी मात्र जुनंच नाव असतं. शंभरेक किलोमीटरची ही फेरी पालघर-बोईसरकडची मुलं अजूनही करतात, कारण तिथे एका रांगेत दहा दुकानांत भाव विचारता येतो. प्रोसेसर, रॅम, एसएसडी यांचे आकडे त्यांना घरूनच पाठ असतात. मदरबोर्डाची वेळ येते तेव्हा पाकीट हलकं झालेलं असतं, आणि ‘यावर बसेल तो कुठलाही द्या’ असं म्हणून मोकळं व्हायची घाई असते.

मागच्या भागात प्रोसेसर ठरवला. आता तो ज्यावर बसणार, तो बोर्ड. संगणकाचा वेग बोर्डामुळे फारसा वाढत नाही, हे खरं. पण संगणक कारण नसताना रिस्टार्ट होणं, मधेच हँग होणं, पावसाळ्यात एके सकाळी डिस्प्लेच न येणं, यांचं मूळ फार वेळा बोर्डात निघतं. म्हणून इथे स्वस्त घ्यायला हरकत नाही, पण डोळे मिटून घेऊ नये.

आधी एक सापळा. बाजारात आजही ‘एच६१’ नावाचे बोर्ड नव्याकोऱ्या डब्यात मिळतात आणि सोबत वापरलेला आय५ मिळून सगळं अगदी कमी पैशांत पडतं. हा चिपसेट २०११ सालचा. त्यावर इंटेलच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचेच प्रोसेसर चालतात. विंडोज ११ इंटेलच्या बाबतीत अधिकृतपणे आठव्या पिढीपासून पुढेच चालते, आणि विंडोज १० चा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. म्हणजे डबा नवा असला तरी आतला माल पंधरा वर्षांपूर्वीच्या आखणीचा. लिनक्स टाकून दुकानाच्या बिलांपुरता वापरायचा असेल तर ठीक. पोराच्या इंजिनिअरिंगच्या चार वर्षांसाठी तो घेऊ नये.

मग काय घ्यावं? साध्या घरासाठी आणि छोट्या ऑफिससाठी इंटेलकडे एच६१०, एएमडीकडे ए५२० किंवा बी५५० हे चिपसेट परवडणाऱ्या टप्प्यात येतात. एच६१० जानेवारी २०२२ मध्ये आला. त्यावर बारावी ते चौदावी पिढी चालते. त्याची मर्यादा एवढीच की रॅमचे स्लॉट जास्तीत जास्त दोन, आणि एम.२ एसएसडी चिपसेटमार्फत तिसऱ्या पिढीच्या पीसीआयई वेगानेच चालते. टॅली, ऑफिस, ऑनलाइन क्लास, थोडंफार कोडिंग करणाऱ्याला हा फरक हाताला जाणवणारही नाही. चार स्लॉट हवे असतील तर बी७६०. आणखी एक बारकावा: एकाच नावाचा बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन प्रकारांत येतो, आणि फरक नावाच्या शेवटी ‘डीडीआर४’ किंवा ‘डी४’ एवढ्यात असतो. रॅमची खाच दोन्हींत वेगळ्या जागी असते. जबरदस्तीने बसवायला गेलं की स्लॉटच तुटतो.

खरी परीक्षा चिपसेटच्या नावात नाही, प्रोसेसरच्या सॉकेटशेजारी आहे. तिथे काळसर चौकोनी ठोकळ्यांची एक रांग दिसते. ते चोक. त्यांच्या बाजूला छोटे चपटे मॉसफेट आणि बुटके गोल कॅपॅसिटर. एसएमपीएसकडून येणारे १२ व्होल्ट उतरवून प्रोसेसरला लागतात तसे एक-सव्वा व्होल्ट करायचं काम ही मंडळी करतात. तंत्रज्ञ याला व्हीआरएम म्हणतात. आय५-१२४०० हा प्रोसेसर जोरात चालताना ११७ वॅटपर्यंत घेऊ शकतो. व्होल्ट सव्वाच्या आसपास, म्हणजे प्रवाह जवळजवळ शंभर अँपिअर. घरातला मेन एमसीबी बहुधा ३२ अँपिअरचा असतो. अर्थात तिथे २३० व्होल्ट असतात, त्यामुळे ताकदीची तुलना होत नाही, पण तांब्याच्या अरुंद पट्ट्यांतून किती प्रवाह धावतो ते कळतं. प्रवाह आला की उष्णता आली.

सर्वांत स्वस्त एच६१० बोर्डांवर ही रांग आखूड असते आणि मॉसफेट उघडेच असतात. आय३-१२१०० साठी तेवढं पुरतं, कारण त्याची कमाल मागणी ८९ वॅट आहे. त्याच बोर्डावर १८० वॅटपर्यंत जाणारा आय७-१२७०० बसवला तर बसेल, चालूही होईल, पण दोन मिनिटांत व्हीआरएम तापून प्रोसेसरला वेग खाली आणावा लागेल. मे महिन्यात बोईसरच्या पत्र्याच्या गाळ्यात तर आणखी लवकर. मॉसफेटवर अ‍ॅल्युमिनियमचा हीटसिंक असलेला बोर्ड हजारेक रुपयांनी महाग पडतो. लुकलुकणाऱ्या रंगीत दिव्यांपेक्षा हे हजार रुपये तिथे गेलेले बरे.

कॅपॅसिटरची गोष्ट जुन्या दुकानदारांना पक्की आठवते. १९९९ ते २००७ च्या सुमारास सदोष द्रावणाच्या कॅपॅसिटरनी जगभर बोर्ड खाल्ले. डोकं फुगायचं, तपकिरी रस बाहेर यायचा. डेलच्या ऑप्टिप्लेक्स मालिकेतले संगणकही त्यातून सुटले नाहीत. आता प्रोसेसरच्या आसपास बहुतेक घन पॉलिमरचे कॅपॅसिटर असतात, त्यांत सुकून जाणारं द्रावणच नसतं. तरी डब्यावरचा फोटो न बघता प्रत्यक्ष बोर्ड बघावा.

आता या पट्ट्याचा खास प्रश्न: हवा.

पश्चिमेला समुद्र, मधे तारापूर एमआयडीसी. रसायनं, औषधं, कापड, पोलाद असे सगळे कारखाने एका वसाहतीत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यांकनात देशातल्या १०० औद्योगिक क्षेत्रांत तारापूर ९३.६९ गुणांसह पहिलं आलं, आणि या यादीत पहिलं येणं म्हणजे सर्वाधिक प्रदूषित ठरणं. हवा, पाणी, जमीन या तिन्हींचा तो एकत्रित निर्देशांक आहे. इथली माणसं जो वास श्वासात घेतात त्याची काळजी बोर्डाच्या काळजीपेक्षा कितीतरी मोठी आहे. बोर्डही मात्र तीच हवा घेतो.

ते कसं घडतं? १ जुलै २००६ पासून युरोपात विजेच्या उपकरणांतल्या शिशावर बंदी आली. बोर्डाच्या तांब्यावर पूर्वी कथिल-शिशाचा मुलामा असे, त्याजागी अनेक कारखान्यांनी चांदीचा पातळ थर वापरायला घेतला. गंधकयुक्त वायू असलेल्या हवेत या थराखालचं तांबं उघडं पडून कॉपर सल्फाइड तयार होतं, ते बोर्डावर रांगत पसरतं आणि शेजारच्या दोन रेघा जोडून टाकतं. काही ठिकाणी बोर्ड काही महिन्यांतच गेले. त्यातून सर्व्हर ठेवण्याच्या खोल्यांत तांब्या-चांदीच्या पट्ट्या महिनाभर टांगून त्यावर चढलेला थर मोजण्याची पद्धत रूढ झाली. तांब्यावर महिन्याला ३०० अँगस्ट्रॉमपेक्षा कमी थर चढला तर हवा सौम्य मानतात. घरी यासाठी यंत्र लागत नाही. चांदीचं निरांजन घासून ठेवलं आणि ते आठवड्या-दोन आठवड्यांत काळवंडलं, तर त्या खोलीतली हवा बोर्डालाही मानवणार नाही.

मिठाचं वेगळंच. चिंचणी, दांडी, नवापूर, सातपाटी या किनाऱ्यावर वाऱ्यासोबत मीठ येतं आणि धुळीत बसतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून ओलं होतं. पावसाळ्यात किनाऱ्यावर आर्द्रता कित्येक दिवस याच्या वरच असते. कोरडी धूळ बोर्डाला फारसं काही करत नाही. ओली खारी धूळ वीज वाहून नेते आणि गंज आणते.

उपाय साधे आहेत. संगणक समुद्राकडच्या खिडकीखाली ठेवू नये. पावसाळ्यात तो आठवडेच्या आठवडे बंद ठेवण्यापेक्षा रोज तासभर चालू करावा. गरम बोर्डाभोवतीची आर्द्रता कमी होते, म्हणून चालता बोर्ड बंद बोर्डापेक्षा सुखी असतो. मे संपायच्या आत हातातल्या ब्लोअरने धूळ काढावी. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा कधीही मारू नये, तिच्यात पाणी आणि तेल असतं. मागच्या पोर्टांची पट्टी स्टेनलेस स्टीलची असलेले बोर्ड परवडणाऱ्या गटातही मिळतात, किनाऱ्यावरच्या घरात ते निवडावेत.

हे सारं आधीच करायचं, कारण वॉरंटी. बोर्डावर आपल्याकडे बहुधा तीन वर्षांची असते, पण बहुतेक वॉरंटीपत्रांत गंज, जळालेला भाग आणि वाकलेल्या पिना वगळलेल्या असतात. इंटेलच्या सॉकेटमध्ये १७०० पिना बोर्डावरच असतात, केसाएवढ्या बारीक. एक वाकली तरी रॅमचा अर्धा भाग दिसेनासा होऊ शकतो. म्हणून दुकानातच काळं झाकण उचलून, मोबाइलचा टॉर्च तिरका धरून पिनांच्या रांगा बघाव्यात. कुठे चकाकी तुटली तर बोर्ड तिथेच बदलून घ्यावा. ते झाकण फेकू नये, वॉरंटीत बोर्ड परत देताना ते लागतं.

बायोसचंही तिथेच विचारावं. बारावी पिढी डोळ्यांसमोर ठेवून बनलेला जुना बोर्ड चौदाव्या पिढीच्या प्रोसेसरवर बायोस बदलल्याशिवाय चालूच होत नाही. ‘भाऊ, अपडेट मारून द्या’ म्हटलं तर बरेच दुकानदार देतात. तेरावी-चौदावी पिढी घेणाऱ्याने हे टाळूच नये. या पिढ्यांच्या ताकदवान प्रोसेसरना जास्त व्होल्टेजमुळे अस्थिरता येते हे कळल्यावर इंटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये दुरुस्ती दिली, आणि ती बायोसमधूनच येते.

लॅमिंग्टन रोडला तीनशे रुपये वाचतात, पण बोर्ड बिघडला तर पुन्हा पूर्ण दिवस आणि लोकलची गर्दी. बोईसर किंवा पालघरचा दुकानदार सिरियल नंबर लिहिलेलं जीएसटी बिल देत असेल आणि बोर्ड बदलून आणायची जबाबदारी घेत असेल, तर ते तीनशे त्याला खुशाल द्यावेत. बोर्ड घरी आल्यावर, विंडोज टाकण्याआधी, पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ लावून झोपावं. सकाळी पडद्यावर चार फेऱ्या आणि शून्य चूक दिसली तर कॅबिनेटचे स्क्रू घट्ट करावेत. एक जरी लाल ओळ दिसली तरी रॅमची पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये घालून पुन्हा एक रात्र द्यावी. चूक पट्टीसोबत गेली तर दोष रॅमचा, स्लॉटपाशीच राहिली तर बोर्डाचा.

(पुढील भागात : एसएमपीएस, अर्थिंग आणि कॅबिनेटला हात लावल्यावर येणाऱ्या मुंग्या)